मोल्डिंग फॉल्ट

बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, क्वालिटीला आहे मी, बारा वर्षं झाली. गेल्या जुलैतली गोष्ट, डोक्यातून जाईना म्हणून लिहितोय.

पुण्याच्या गिऱ्हाइकाकडनं ६० पंप केसिंगांपैकी, म्हणजे पंपाच्या बाहेरच्या ओतीव कवचांपैकी, १८ परत आली, मशीनिंग करताना आतली भोकं उघडी पडली म्हणून. रिपोर्ट संध्याकाळपर्यंत पाहिजे, नेहमीसारखंच. मी नुसते फोटो बघून रूट कॉजमध्ये टाकलं, 'मोल्डिंग फॉल्ट'. माझ्या मनात एवढंच की मोल्डिंगच्या, म्हणजे वाळूचा साचा करायच्या, टप्प्यावर कायतरी बिघडलंय. ऑफिसातल्या पोरानं त्याचं कन्नड केलं 'मोल्डरन तप्पु', म्हणजे मोल्डरची चूक, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या मोल्डर मामांच्या हातात मेमो.

आता त्या पोराला तरी काय बोलणार, इंग्रजीत वस्तूतली खोट पण फॉल्ट आणि माणसाची चूक पण फॉल्टच. लाईट गेल्यावर लाईनमन 'फॉल्ट हाय' म्हणतो तेव्हा कोण त्याची कॉलर धरत नाही, पण कागदावर आलं की लगेच माणूस शोधतात.

मामा भांडले नाहीत. परत आलेलं एक केसिंग उचलून आणलं, माझ्यासमोर घणानं फोडलं. "बघा की सायेब, ह्यो कुणाचा फॉल्ट?"

भोकाची आतली बाजू गुळगुळीत, चकचकीत. म्हणजे गॅस. श्रिंकेज, म्हणजे थंड होताना धातू आकसून पडलेली पोकळी, असती तर खडबडीत, दाणेदार दिसली असती, हे मी नवीन पोरांना शिकवतो आणि स्वतः फोटोवर भागवलं. शिवाय सगळी भोकं कोअरच्या, म्हणजे आतली पोकळी राखायला साच्यात बसवतात त्या वाळूच्या गाभ्याच्या, अंगाला. आमचे सीओटू कोअर, सोडियम सिलिकेटवर बांधून कार्बन डायऑक्साइड वायूनं घट्ट केलेले, बेळगावच्या पावसात दोन दिवस उघडे राहिले की ओल धरतात, त्यावर १३५० डिग्रीच्या वरचं लोखंड पडलं की वाफ जाणार कुठं, तिथंच अडकणार. कोअर शॉपचा पत्रा गळतोय हे मामांनी आठवडाभर आधी सांगितलेलं, सुपरवायझरला, ज्याला टनेजशिवाय, किती टन माल निघाला याशिवाय, काय दिसत नाही. आणि कोअर मामा बनवतच नाहीत, आलेला बसवतात.

म्हणजे माझा शब्द पण चुकला, कारण पण चुकलं.

लाज याची वाटते की आयएसओ ९००० चं, क्वालिटीच्या आंतरराष्ट्रीय मानकाचं, ट्रेनिंग मीच घेतो. ठरलेली अट पुरी झाली नाही की 'नॉनकन्फॉर्मिटी', आणि ती अट वापराशी जोडलेली असली की 'डिफेक्ट', २००५ च्या आवृत्तीत तर टीप आहे की डिफेक्ट शब्द फार जपून वापरा, त्याला कायद्याचे अर्थ चिकटतात. गिऱ्हाइकाला मेल करताना हा शब्द मी दहादा खोडतो. मामांच्या वेळी एकदा पण हात थांबला नाही.

रिपोर्ट बदलला, पत्रा बदलला. मेमो तेवढा राहिला, फाईलला लागला म्हणे. मामांनी अजून त्यावर सही केलेली नाही. आता कोअर बसवायच्या आधी सगळ्यांसमोर मला हाक मारतात, "सायेब, फॉल्ट बघून जावा." हसत हसत. मी हातातलं काम टाकून जातो.