अ‍ॅम्प मागून बघायचा असतो

गेल्या दिवाळीत ठाण्याला आलेलो तेव्हा बॅगेत कपडे कमी आणि फेंडर कंपनीचा चॅम्प नावाचा एक जुना गिटार अ‍ॅम्प होता, व्हॉल्व्ह, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्या, काढून मोज्यांत गुंडाळलेले, आणि आईने बॅग उघडल्या उघडल्या विचारलं, हा रेडिओ कुठून उचलून आणलास. अगदीच चूक नव्हतं ते. गिटारचा जुना अ‍ॅम्प म्हणजे रेडिओचा सख्खा चुलत भाऊच, या चॅम्पमध्ये तर तीनच व्हॉल्व्ह, आठ इंची एक स्पीकर आणि पाच-सहा वॉटचा आवाज, आपल्या मंडळाच्या लाउडस्पीकरपुढे डास. पण त्या डासासाठी लोक इथे अमेरिकेत बरेच पैसे मोजतात, आणि ठाण्यातल्या दोन-तीन गिटारवाल्या मित्रांनी "येताना एक आण ना" असं सांगून ठेवलंय म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

मी राहतो ओहायोत. शनिवारी सकाळी बायको झोपलेली असताना मी एस्टेट सेलला जातो. म्हणजे कोणी म्हातारं माणूस गेलं किंवा वृद्धाश्रमात गेलं की त्याचं अख्खं घर, चमच्यांपासून सोफ्यापर्यंत, किमतीच्या चिठ्ठ्या चिकटवून उघडं ठेवतात आणि आपण अनोळखी लोक त्याच्या बेडरूममधून फिरायचं. पहिल्यांदा मला कसंतरीच झालं, दारात चपला काढू का असं वाटत होतं. आता सरावलोय, सरळ तळघरात उतरतो, कारण अ‍ॅम्प असलाच तर तिथेच, वॉशिंग मशीनच्या बाजूला, वर ख्रिसमसचे दिवे ठेवलेले. पहिल्या दिवशी घासाघीस फारशी चालत नाही, शेवटच्या दिवशी बऱ्याचदा निम्म्यात देतात पण तोपर्यंत चांगली वस्तू उरलेली नसते.

आता किमतीचं. फेंडर कंपनी लिओ फेंडरने १९६५ च्या जानेवारीत सीबीएस या रेडिओ-टीव्हीवाल्या कंपनीला विकली, एक कोटी तीस लाख डॉलरला, आणि तेव्हापासून लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय की आधीचं ते सोनं आणि नंतरचं ते पितळ. त्यात १९६७ पर्यंतच्या अ‍ॅम्पचं पुढचं बटणांचं पॅनेल काळं, १९६८ पासून चंदेरी, म्हणून ब्लॅकफेस आणि सिल्व्हरफेस. मोठ्या काही मॉडेलमध्ये नंतर सर्किट खरंच बदललं, पण चॅम्पमध्ये जवळपास तेच राहिलं. तरी काळ्या पट्टीचे जास्त पैसे. मला विचाराल तर निव्वळ रंगाचे पैसे आहेत हे, पण मी ते मोजलेत त्यामुळे फार बोलू नये.

झालं असं की एकाने ऑनलाइन टाकलेला, "१९६६ चा चॅम्प", काळं पॅनेल, फोटो सगळे पुढून. एका सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये भेटलो, त्याने गाडीच्या इन्व्हर्टरवर वाजवून दाखवला, गोड वाजला, मी सिल्व्हरफेसच्या जवळजवळ दीडपट पैसे दिले आणि उड्या मारत घरी. रात्री मागची फळी काढली. आत पेटीच्या भिंतीला कुठला व्हॉल्व्ह कुठे बसतो त्याचा कागद चिकटवलेला असतो आणि त्या काळातल्या अ‍ॅम्पमध्ये त्यावर दोन अक्षरांचा शिक्का, पहिलं अक्षर वर्ष, ए म्हणजे १९५१, तसं मोजत गेलं की पी म्हणजे १९६६, दुसरं अक्षर महिना. माझ्याकडे कागदाच्या जागी फक्त वाळलेला गोंद. तिथेच पोटात गोळा आला. मग व्हॉल्यूमच्या पॉटच्या, म्हणजे बटणामागे फिरणाऱ्या पार्टच्या, पाठीवर टॉर्च मारला, तिथे आकडे, १३७७१२४. पहिले तीन म्हणजे कंपनी, १३७ म्हणजे सीटीएस, पुढचे दोन वर्ष, शेवटचे दोन आठवडा. १९७१, चोविसावा आठवडा. म्हटलं पॉट बदललेला असेल, मन मानत नव्हतं ना, म्हणून ट्रान्सफॉर्मर बघितला, ६०६-११८, म्हणजे शुमाकर कंपनी, वर्षाचा शेवटचा आकडा एक, अठरावा आठवडा. आणि डाख सगळे जुने, कोणी हात न लावलेले. १९६६ च्या अ‍ॅम्पमध्ये १९७१ चे पार्ट कारखान्यात बसत नाहीत. सिल्व्हरफेसला नवं काळं पॅनेल आणि स्पीकरपुढे नवी जाळी लावून दिलेली, बास. विकणाऱ्याला मेसेज केला तर त्याने ब्लॉक केलं.

तेव्हापासून माझा पहिला मेसेज एकच, मागून फोटो पाठवा, फळी काढून. पाठवत नसेल तर सोडून द्यायचं. ट्रान्सफॉर्मर मूळचे आहेत का हे सगळ्यात आधी, मग स्पीकर (स्पीकरवरही तसेच आकडे असतात, २२० म्हणजे जेन्सन, ४६५ म्हणजे ऑक्सफर्ड), मग बाहेरचं रेक्झिन. स्पीकर बदललेला असेल तर भाव उतरतो, रेक्झिन नवं चढवलं असेल तर अजून उतरतो. आपल्याकडे विकायच्या आधी वस्तूला रंग मारतात, इथे नेमकं उलटं, सिगरेटच्या धुराने पिवळी पडलेली जाळी बघून माणूस खूश होतो. व्हॉल्व्ह बदललेले असले तर काही बिघडत नाही, ते संपणारच. फिल्टरचे, म्हणजे आत वीज साठवून धरणारे, कंडेन्सर तर वाळलेलेच असतात, ते बदललेले बरे. आणि साठच्या दशकातल्या बऱ्याच अ‍ॅम्पांना टू-पिनची वायर असते, आत लाइनवरून चेसिसला, म्हणजे धातूच्या सांगाड्याला, गेलेला एक कंडेन्सर, त्याला इथले लोक डेथ कॅपच म्हणतात, तो काढून थ्री-पिन लावली तर शहाणं गिऱ्हाईक एक पैसा कमी करत नाही. आणि हो, लोक काय मागतात ते बघून भाव ठरवू नका, मागायला कोणी काहीही मागेल, ईबेवर विकल्या गेलेल्या वस्तूंचा फिल्टर आहे तो लावा म्हणजे खरं काय ते दिसतं.

तर तो फसवलेला चॅम्प घेऊन मी ठाण्याला घरी, नौपाड्यात. बाबांनी पूर्वी हौसेने बरेच व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त केलेत, त्यामुळे ते चष्मा वर ढकलून बसलेच. पहिला प्रश्न, लाइन कितीची? म्हटलं तिकडची एकशेवीस व्होल्ट, साठ सायकल (म्हणजे हर्ट्झ). थेट लावला असता तर नशीब असेल तर फ्यूज, नसेल तर ट्रान्सफॉर्मर गेला असता, म्हणून लॅमिंग्टन रोडवरून व्होल्टेज उतरवणारा दोनशे वॉटचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आणला. पण व्होल्टेज उतरलं तरी सायकल पन्नासच राहते आणि साठसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर पन्नासवर जास्त तापतो, त्यामुळे बाबा दर दहा मिनिटांनी उलटा हात लावून बघत होते, आईने दुधाचं पातेलं बघावं तसा. एका तासाने म्हणाले, "चालेल, पण रात्रभर चालू ठेवू नकोस." मग बंद केला, प्लग काढला, आणि मी आत बोट घालणार तेवढ्यात ओरडले, "डावा हात खिशात घाल आधी!" प्लग काढला तरी कंडेन्सरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट बसलेले असू शकतात आणि दोन्ही हात आत असले तर झटका छातीतून जातो. त्यांनी रेझिस्टरला वायरी जोडून ते उतरवले, मीटर लावून खात्री केली, मग मला हात लावू दिला.

मी पॉटवरचे आकडे दाखवून सगळी फसवणूक सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकलं, मग विचारलं,

"एकाहत्तरच्या आणि सहासष्टच्या आवाजात फरक काय?"

"फारसा नाही."

"मग जास्तीचे पैसे कशाचे दिलेस?"

"पट्टीचे."

आई आतून हसली.

अ‍ॅम्प ठाण्यातच ठेवून आलो. परवा इथे एका सेलच्या जाहिरातीत कोपऱ्यात फेंडरच्याच प्रिन्स्टन रिव्हर्बसारखं काहीतरी दिसलं, स्क्रीनशॉट बाबांना व्हॉट्सअ‍ॅप केला, तिकडे रात्रीचे साडेअकरा वाजले असतील, लगेच रिप्लाय आला: मागचा फोटो कुठाय?