वेल्ड केलेला टब कापून बेरिंग बदलता येतं, मशीन भंगारात देऊ नका

फ्रंट लोड मशीन स्पिनला लागली की घरात बोललेलं ऐकू येत नाही, मागच्या बाजूने फरशीवर तांबूस पाणी ओघळतंय, असं झालं की बहुतेक वेळा बेरिंग गेलेलं असतं. खात्री करायची तर दार उघडून ड्रमची वरची कड धरायची आणि वर-खाली हलवायची, अख्खा टब (ड्रमभोवतीचं बाहेरचं प्लास्टिकचं भांडं) स्प्रिंगवर डोलला तर ते नॉर्मल आहे, पण टब जागेवर आणि आतला ड्रम एकटाच खडखडत हलला तर बेरिंग संपलं. इथवर काही मोठं नाही, बेरिंग, म्हणजे ड्रमचा दांडा (शाफ्ट) ज्यात फिरतो ती गोळ्यांची रिंग, हा झिजणाराच पार्ट आहे. पण मग कंपनीचा माणूस येतो आणि सांगतो की टब सील्ड आहे, बेरिंग वेगळं बदलता येत नाही, पूर्ण टब असेंब्ली घ्यावी लागेल, आणि तिची किंमत ऐकली की लोक सरळ नवीन मशीन बघायला दुकानात जातात. माझ्या नाशिकच्या मावशीला हेच सांगितलं गेलं. मोटर चांगली, पीसीबी (मशीन चालवणारं सर्किट बोर्ड) चांगला, ड्रमचं स्टील चकाचक, आणि तरी सगळं भंगारात, का तर दोन बेरिंग आणि एक रबरी ऑईल सील प्लास्टिकच्या आत कोंडलेत म्हणून. मला हे अजिबात पटत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

बाहेरचा टब दोन भागांचा असतो, पुढचा आणि मागचा. मटेरियल पॉलिप्रॉपिलीन, त्यात ताकदीसाठी काचेचे तंतू नाहीतर दुसरा फिलर मिसळलेला. काही मशीनमध्ये हे दोन भाग स्क्रू आणि रबरी गॅस्केटने जोडलेले असतात, तर बऱ्याच मॉडेलमध्ये कडा वितळवून एकमेकांवर दाबून कायमच्या चिकटवलेल्या असतात. कंपनीचा त्यात फायदा आहे हे मान्य, स्क्रू नको, गॅस्केट नको, जोडणी झटपट होते, आणि नीट वेल्ड झालेला जोड गळत नाही. पण मागच्या भागात ड्रमचा शाफ्ट बाहेर येतो तिथे दोन बेरिंग असतात आणि त्यांच्या पुढे ऑईल सील. सीलची ओठासारखी कड झिजली की साबणाचं पाणी बेरिंगमध्ये शिरतं, ग्रीस धुऊन जातं, गंज चढतो. म्हणजे जे सगळ्यात आधी जाणार आहे तेच सगळ्यात पक्कं बंद केलंय! प्लास्टिक वेल्ड करायला माझी हरकत नाही, पण झिजणारा पार्ट आत ठेवून वेल्ड करायचं हे डिझाईन चुकीचंच आहे.

तर कापायचं कसं. टब बाहेर काढायचा, त्याआधी सिमेंटची वजनं, हीटर, मोटर, पुली सगळं उतरवायचं आणि प्रत्येक वायरचा फोटो काढून ठेवायचा. मग जोडावर आडव्या रेघा मारायच्या मार्करने, चारी बाजूंनी, म्हणजे परत जोडताना दोन्ही भाग जसेच्या तसे जुळतात. आता महत्त्वाचं, भोकं कापायच्या आधी पाडायची, नंतर नाही. जोडाच्या कडेला दोन्ही भागांतून आरपार, साधारण चार-पाच सेंटीमीटरवर एक, एम४ किंवा एम५ (चार किंवा पाच मिमी जाडीचा) बोल्ट जाईल अशी. बऱ्याच टबांवर कडेने स्क्रूसाठीच्या गोल जागा साच्यातच तयार असतात, कंपनीने फक्त स्क्रू लावलेले नसतात, अशा टबाला अर्धं काम वाचतं. कापायला हॅक्सॉ ब्लेड वापरा, ग्राइंडर नको, ग्राइंडरने प्लास्टिक वितळतं, कड वेडीवाकडी होते आणि मटेरियल जास्त जातं. वेळ लागतो, हात दुखतात, पण कड स्वच्छ येते. मास्क आणि हातमोजे घालाच, त्या भुशात काचेचे तंतू असू शकतात.

उघडल्यावर आधी स्पायडर बघायचा, म्हणजे ड्रमच्या मागचा तीन हातांचा अॅल्युमिनियमचा तुकडा. डिटर्जंटमुळे तो खाल्ला जातो, आणि हात तडकलेला असेल तर नवीन बेरिंग घालून काही उपयोग नाही, स्पायडरही बदला. मग शाफ्टवरची पितळी बुश, जिथे सील घासतं. तिथे नखाला लागेल अशी खाच पडली असेल तर नवं सीलही गळणार, चांगल्या लेथवाल्याकडून बुश नवी करून घ्या. बेरिंगचा नंबर त्याच्यावरच कोरलेला असतो, ६२०४, ६२०५, ६२०६ असे नंबर नेहमीचे, आणि हे जगभर एकाच मापात मिळतात, ६२०५ म्हणजे आतून २५ मिमी, बाहेरून ५२, जाडी १५, कुठल्याही कंपनीचं घ्या. त्यामुळे मशीन कंपनीच्या पार्टची वाट बघायची गरजच नाही, मुंबईत नागदेवी स्ट्रीटला बेरिंगही मिळतं आणि ऑईल सीलही, सीलवर मापं लिहिलेली असतात ती दाखवायची. फक्त बिलाचं चांगलं बेरिंग घ्या, डुप्लिकेट खूप येतात. आणि घरी बसवताना नवीन बेरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवलं तर ते जरासं आकसतं, टबातली बेरिंगची खोबण हेअर ड्रायरने गरम केली की सहज बसतं. ठोकायचं तर बाहेरच्या रिंगवरच, आतल्या रिंगवर मारलं तर गोळ्या फिरतात त्या खाचेत खड्डे पडतात आणि नवीन बेरिंग पहिल्या दिवसापासून आवाज करतं.

परत जोडताना लोक फेव्हिक्विक, एपॉक्सी असं काहीबाही सुचवतात. पॉलिप्रॉपिलीनला यातलं काहीच धड चिकटत नाही, हा त्या प्लास्टिकचा स्वभावच आहे. एबीएस या दुसऱ्या प्लास्टिकचं तसं नाही, एबीएस अॅसिटोनमध्ये विरघळतं म्हणून त्याचे तुकडे चांगले जुळतात, त्यामुळे कुठलाही प्लास्टिक पार्ट दुरुस्त करण्याआधी मागे पीपी (म्हणजे पॉलिप्रॉपिलीन) लिहिलंय का एबीएस ते बघायची सवय लावून घ्या. टबाच्या बाबतीत जोड धरून ठेवायचं काम बोल्टचं, सिलिकॉन फक्त गॅस्केटसारखं मधे दाबलं जायला हवं. म्हणून कडा पुसून कोरड्या करा, सिलिकॉनची अखंड रेघ ओढा, स्टेनलेसचे बोल्ट वॉशर लावून समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जा, आणि पूर्ण एक दिवस सुकू द्या. मशीनमध्ये चढवायच्या आधी टबात पाणी भरून ठेवून बघा, गळती तिथेच कळलेली बरी. घाई करू नका कारण १२०० आरपीएमला ४८ सेंटीमीटर व्यासाच्या ड्रमच्या कडेला गुरुत्वाकर्षणाच्या पावणेचारशे पटीहून जास्त जोर असतो, एकच ओला टॉवेल एका बाजूला गोळा झाला तरी बेरिंगला केवढा हिसका बसत असेल!

मावशीच्या मशीनला सामानाचा खर्च हजाराच्या आतबाहेर आला आणि ती नीट चालतेय.

बाकी कायदा. युरोपात मार्च २०२१ पासून नियम आहे की वॉशिंग मशीनचे ठराविक पार्ट दहा वर्षं दुरुस्तीवाल्यांना मिळालेच पाहिजेत, त्यात ड्रम, स्पायडर आणि बेरिंग आहेत, पण सुटे किंवा एकत्र अशी सवलत ठेवली आहे, त्यामुळे कंपनीने सगळं एका गठ्ठ्यात विकलं तरी चालतं. ही पळवाट बंद व्हायला हवी. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ ला राईट टू रिपेअर (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल सुरू केलं, चांगली गोष्ट आहे, पण टब उघडता आला पाहिजे अशी सक्ती अजून कोणी केलेली नाही.

एक मात्र सांगतो, सील्ड दिसलं की उघडलंच पाहिजे असं नाही. मायक्रोवेव्हच्या आतला कपॅसिटर प्लग काढल्यावरही जीवघेणा चार्ज धरून ठेवू शकतो, तिथे हात घालू नका, आणि फुगलेली लिथियम बॅटरी तर मुळीच उघडू नका.

नवीन मशीन घेणार असाल तर दुकानातल्या माणसाला टब वेल्डेड आहे का विचारून उपयोग नाही, बहुतेकांना माहीत नसतं. मॉडेल नंबर टाकून पार्ट्सची आकृती नेटवर शोधा, त्यात टबाचा पुढचा भाग, मागचा भाग आणि गॅस्केट वेगवेगळ्या नंबरांनी दाखवलेत का बघा, तसं असेल तर तो टब बहुतेक स्क्रूचा आहे आणि बेरिंग गेल्यावर हॅक्सॉ काढावी लागणार नाही.