जंगलाला आग तुम्हीच का लावता?

"जंगल वाचवायचं काम करता, मग त्याच जंगलाला आग तुम्हीच का लावता?" हा प्रश्न मला महाराष्ट्रातले आप्तेष्ट वारंवार विचारतात. तो रास्तच आहे, कारण सह्याद्रीत वणवा लागला की तो विझवायलाच धावले पाहिजे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. माझा अभ्यास मात्र अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातल्या वॉशिटा डोंगरांमधील शॉर्टलीफ पाईनच्या जंगलांचा आहे, आणि तिथल्या आगीचे कारण त्या झाडाच्या घडणीतच आहे.

शॉर्टलीफचे कोवळे रोप जमिनीलगत एकदा आडवे वाकते आणि मग सरळ वर चढते. या वाकामुळे बुंध्यावरचे सुप्त डोळे मातीलगत किंवा मातीखाली सुरक्षित राहतात, आणि वरचा भाग जळून गेला तरी त्यांतून नवे फुटवे येतात. बहुतेक पाईन जातींना हे साधत नाही. मोठ्या झाडाची जाड साल जमिनीलगतची आग सोसते. दाट सावली मात्र या झाडाला मानवत नाही आणि पालापाचोळ्याच्या जाड थरात त्याचे बी नीट रुजत नाही. विसाव्या शतकात प्रत्येक आग विझवण्याचे धोरण आले, ओक आणि हिकरीचा झाडोरा खाली दाटला, आणि पाईनची नवी पिढी उभी राहणे अवघड झाले.

मला अधिक गंभीर वाटते ते पुढचेच. शेजारी वाढणाऱ्या लॉबलॉली पाईनशी शॉर्टलीफचा संकर होतो. संकरित रोपांत तो वाक पुरेसा तयार होत नाही, त्यामुळे आगीनंतर ती शुद्ध शॉर्टलीफइतकी फुटत नाहीत. आग होती तोवर ही छाटणी आपोआप होत असे. आग थांबल्यावर संकरित झाडे तगू लागली आणि त्यांचे प्रमाण बरेच वाढले. म्हणजे आगीअभावी जंगलच नव्हे, तर ही जातच आपले वेगळेपण गमावते आहे. वीसेक राज्यांत आढळणाऱ्या या झाडाचे वनक्षेत्र 1980 नंतरच्या तीन दशकांत निम्म्याहून अधिक घटले, त्यामागे तोड, लॉबलॉलीची लागवड आणि कीड यांबरोबर हेही एक कारण आहे.

आगीने सगळेच प्रश्न सुटत नाहीत. पूर्वेकडच्या पीडमाँट भागात कापसाच्या शेतीने वरची माती वाहून गेली आणि त्या पडीक, चिकणमातीच्या जमिनींवर शॉर्टलीफ वाढला. 1930 च्या दशकात तिथे सुया खुरटण्याचा व पिवळ्या पडण्याचा रोग दिसू लागला. त्यामागे फायटोप्थोरा सिनॅमोमी हा मुळे कुजवणारा रोगकारक आणि निचरा न होणारी जमीन, या दोन्ही गोष्टी होत्या. विदर्भातल्या संत्रा बागायतदाराला हे लगेच उमजेल, कारण त्याच्या बागेतला डिंक्या रोगही याच वंशातल्या जातींमुळे येतो आणि भारी, पाणी धरणाऱ्या जमिनीत बळावतो. अशा जमिनीवर शॉर्टलीफचा हट्ट धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

वॉशिटात आजची पद्धत रुजायला एक पाहणी निमित्त ठरली. ऑगस्ट 1990 मध्ये सिनेटर डेव्हिड प्रायर आणि वनसेवेचे प्रमुख डेल रॉबर्टसन यांनी हे जंगल पायी पाहिले, आणि सरसकट तोड ही इथली मुख्य पद्धत राहणार नाही असे ठरले. आता पुनरुज्जीवनासाठी निवडलेल्या भागांत विरळणी करून दर तीन-चार वर्षांनी नियोजित आग दिली जाते. जमिनीवर ऊन पोहोचले की ब्लूस्टेम गवत उगवते आणि त्यात लावा पक्षी येतात. जिवंत, म्हाताऱ्या पाईनमध्ये ढोली कोरणारा रेड-कॉकेडेड सुतार पक्षीही इथे वाढला आहे. विरळणीशिवाय नुसती आग देणे मात्र बहुधा अपुरे पडते, कारण मोठा झालेला झाडोरा हलक्या आगीने मरत नाही.

"आग हाताबाहेर गेली तर?" हा पुढचा प्रश्नही ठरलेला असतो. म्हणूनच वाऱ्याची दिशा, हवेतला दमटपणा आणि पाचोळ्याचा ओलावा पाहून दिवस निवडतात, कडेने जाळरेषा, म्हणजे पालापाचोळा काढलेला मोकळा पट्टा, काढतात, आणि वारा जिकडे वाहतो त्या टोकाकडून आग सुरू करतात, म्हणजे ज्वाळा वाऱ्याविरुद्ध सावकाश सरकतात. धूर वस्तीकडे जाईल असे दिसले, तर सगळी तयारी झालेली असूनही त्या दिवशी काडी ओढली जात नाही.