आमची वाटचाल : सगळ्यांना शिकता यावं म्हणून

आम्ही सुरुवात केली ती फक्त कॅप्शनपासून. शिक्षकांचे रेकॉर्डेड क्लास यायचे, आम्ही सबटायटल फाईल करून द्यायचो, बस. ऑटो कॅप्शन असतातच की मग तुम्ही कशाला असं बरेच जण विचारायचे, पण केमिस्ट्रीच्या तासाला एक शब्द चुकीचा उमटला तर ऐकू न येणाऱ्या मुलाच्या वहीत तीच चूक जाते ना, म्हणून प्रत्येक ओळ माणसानेच तपासायची हे पहिल्यापासून ठरलेलं आणि अजून तसंच चालू आहे.

मग टीममध्ये एक सहकारी आली, तिला अजिबात दिसत नाही, एनव्हीडीए स्क्रीन रीडरवर, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करते (फुकट आहे, क्लास घेणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी टाकून बघाच). कामाची दिशाच बदलली तिच्यामुळे. तिने गणिताचा एक तास लावला, सर म्हणत होते "हे इकडे आणलं, याने याला भागलं, आलं ना उत्तर?" फळ्यावर सगळं बरोबर, तिच्यापर्यंत काहीच पोचलं नाही. तेच "दोन्ही बाजूंना ३ ने भागलं, क्ष बरोबर ४" असं बोललं की झालं, खर्च शून्य. तेव्हापासून नवीन काम आलं की आम्ही आधी शिक्षकांसोबत बसतो, सॉफ्टवेअरचं नंतर बघतो.

बाकी नोट्सचं म्हणाल तर स्कॅन केलेली पीडीएफ आम्ही घेतच नाही, टाईप करून मागतो, कारण स्क्रीन रीडरला तो नुसता फोटो असतो. हेडिंग नीट दिली की कीबोर्डवरचं एच बटण दाबत एका हेडिंगवरून दुसऱ्यावर भराभर जाता येतं. फिकट राखाडी अक्षरंसुद्धा परत जातात, डब्ल्यूसीएजी म्हणजे वेबवरचा मजकूर सगळ्यांना वापरता यावा म्हणून केलेली आंतरराष्ट्रीय नियमावली, तिच्याप्रमाणे साध्या मजकुराला किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक) लागतो. आणि ते माऊसने ओढून जोड्या लावा वालं क्विझ! हात थरथरणाऱ्या मुलाला उत्तर येत असूनही मार्क जातात, हे मला सहनच होत नाही. डब्ल्यूसीएजीच्या २०२३ च्या २.२ आवृत्तीत ओढण्याला पर्याय द्याच असं आलंय, आम्ही सरळ यादीतून निवडायला देतो, कीबोर्डवरही चालतं.

सध्या लाईव्ह क्लासवर काम चालू आहे. तिथे सर बोलत असतानाच चॅटमधला मेसेज स्क्रीन रीडर वाचायला लागतो, दोन आवाज एकदम कानात. म्हणून शंका चॅटवर घ्यायच्या तर शिक्षकांनी मध्ये थांबायचं, एकाने त्या मोठ्याने वाचायच्या आणि मगच उत्तर, अशी पद्धत आम्ही बसवतोय.