कराची ते बरबँक, व्हाया उर्दूतली एक ओळ

आमचं घर कराचीतलं आणि मराठी. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच होता. त्या काळात पणजोबा रत्नागिरीकडून नोकरीसाठी तिकडे गेले आणि फाळणीनंतरही घरातलं कुणी हललं नाही. अशी थोडी मराठी घरं कराचीत अजून आहेत, गणपतीही बसतात. शाळेत मला उर्दू आणि सिंधी होतं, देवनागरी आजीनं घरी शिकवली. हे आधीच सांगून टाकते, कारण 'पाकिस्तानी आणि मराठी, ते कसं काय?' इथेच गप्पा अडकतात आणि मूळ प्रश्न राहून जातो: हॉलिवूडमध्ये काम मिळालं कसं?

मी नायिका वगैरे नाही. पोलिसांच्या मालिकेत दोन प्रसंगांपुरती येणारी डॉक्टर, विमानतळावर अडवलेली बाई, संशयिताची बहीण, असली कामं मी करते. पण कामं नटांच्या युनियनची आहेत, आणि तिथवर पोचण्याची वाट बरीचशी कागदांमधून जाते.

पहिला कागद ग्रीन कार्ड. अमेरिकेतल्या आत्यानं बाबांसाठी, म्हणजे भावासाठी, अर्ज केला तेव्हा मी लहान होते. या वर्गात दहा-बारा वर्षं वाट पाहणं तेव्हा नेहमीचंच होतं. इस्लामाबादला मुलाखत झाली तेव्हा मी एकवीसच्या आत होते आणि लग्न झालेलं नव्हतं, म्हणून आईबाबांबरोबर मलाही व्हिसा मिळाला. अभिनयातली कामं एका दिवसाची, फार तर आठवड्याची. त्यासाठी कुठली कंपनी नवख्या माणसाचा व्हिसा करणार? कलाकारांसाठी ओ-१ व्हिसा आहे, पण त्याला आधीच नाव कमावल्याचे पुरावे लागतात. काहींना शिक्षणाची वाट सापडली: कराचीचा नट कुमैल नानजियानी आयोवातल्या ग्रिनेल कॉलेजात शिकायला आला होता. 'ग्ली' या अमेरिकी मालिकेत मुख्याध्यापक झालेले इक्बाल थेबा ओक्लाहोमात आधी इंजिनिअरिंग शिकले. माझ्या बाबतीत सगळ्यात मोठा वाटा आत्याचा. गुणांचा नंबर त्यानंतर.

लॉस एंजेलिसला आल्यावर आर्टेशियातल्या एका औषधांच्या दुकानात नोकरी धरली आणि बरबँकला सेंट्रल कास्टिंगमध्ये नाव नोंदवलं. ही संस्था १९२५ पासून सिनेमांना गर्दी पुरवते. मजुरी किमान वेतनाइतकी, काम म्हणजे बहुतेक वेळ बसून राहणं. तरीही नवीन माणसानं हे करावं असं मी म्हणेन. सेटवर कुणाचं काय काम, कॅमेरा फिरत असताना कुठे उभं राहायचं नाही, हे कुठल्याही क्लासपेक्षा तिथे लवकर कळतं.

युनियनचं म्हणजे सॅग-आफ्ट्राचं सभासद होण्याचे दोन सरळ मार्ग. एक, युनियनच्या करारावर गर्दीत तीन दिवस काम करायचं आणि तशी तीन व्हाउचर, म्हणजे त्या दिवसांच्या कामाच्या चिठ्ठ्या, जमवायची. गर्दीतली ठरावीक संख्या युनियनवाल्यांचीच घ्यावी लागते. त्यातला कुणी आला नाही की त्याचं व्हाउचर एखाद्या बाहेरच्याच्या हाती लागतं. त्यासाठी काही जण दिवसभर सहायक दिग्दर्शकाच्या आसपास घुटमळत असतात. मला ते कधी जमलं नाही. दुसरा मार्ग, संवाद असलेली एक भूमिका.

मला दुसरा लाभला. एका मालिकेत इस्पितळाचा प्रसंग होता, मी वेटिंग रूममधल्या गर्दीत. सहायक दिग्दर्शकानं येऊन विचारलं, उर्दू कुणाला येतं? कागदावर एकच ओळ होती, आणि तीही बाईच्या तोंडी पुरुषाचं क्रियापद घालून लिहिलेली. मी ती दुरुस्त करून म्हटली. दिग्दर्शकानं पुन्हा म्हणायला लावली, चित्रीकरण झालं, आणि त्या दिवसाचे पैसे गर्दीच्या मजुरीच्या कित्येक पट मिळाले. पुढे निर्मात्यांनी टाफ्ट-हार्टलीचा अहवाल भरला. १९४७ च्या या कामगार कायद्यामुळे सभासद नसलेल्यालाही युनियनच्या कामावर घेता येतं, फक्त त्यालाच का घेतलं हे निर्मात्यांना लिहून द्यावं लागतं. माझ्या बाबतीत कारण होतं भाषा.

पात्र ठरलात म्हणून लगेच सभासद होऊ नका. प्रवेश फी सुमारे तीन हजार डॉलर, आणि एकदा आत गेलं की युनियनबाहेरची छोटी कामं बंद. नवख्याचं पोट त्याच कामांवर असतं. सक्तीची वेळ येईपर्यंत मी थांबले.

एजंटबद्दल थोडक्यात: तो तुमच्या कमाईतले दहा टक्के घेतो, तेही काम मिळाल्यावर. आधी फोटोंचे पैसे भरा, आमचाच क्लास लावा, असं कुणी म्हणालं तर उठून यायचं. काम मिळवून देतो म्हणून आगाऊ पैसे घेण्यावर कॅलिफोर्नियात कायद्यानंच बंदी आहे. मलाही एका ऑफिसात असं गोड बोलून बसवलं होतं. कॉफी मात्र चांगली होती.

ऑडिशन आता बहुतेक घरूनच, सेल्फ-टेपवर. राखाडी पडदा, दोन दिवे, मोबाइल, आणि समोरचे संवाद वाचायला आई. एफबीआयचा अधिकारी कोकणी हेल काढून माझी उलटतपासणी घेतो, आणि त्यावर हसू न येणं हीच माझी खरी अभिनयाची तालीम.

पण माझं घर ज्यावर चालतं ते काम पडद्यावर दिसत नाही. चित्रीकरणाच्या वेळी मागची गर्दी नुसते ओठ हलवते, तिचा आवाज नंतर स्टुडिओत भरतात. त्यासाठी सात-आठ नटांचा लूप ग्रुप बोलावतात. समोर पडद्यावर बाजार. आम्ही माइकजवळून चालत जात भाव करायचे, पोरांना हाका मारायच्या, कुजबुजायचं. एकही शब्द नायकाच्या संवादावर चढता कामा नये आणि तरीही तो खरा वाटला पाहिजे. इथे उर्दू, सिंधी, मोडकी पंजाबी, सगळं खपतं. पेशावरचा बाजार असला की मी आधी विचारते, पश्तो बोलणारं कुणी आहे का? नसेल तर उर्दू बोलणारा पाहुणा गिऱ्हाईक होते, पश्तोची नक्कल करत नाही. काही जणांना हा माझा फाजील काटेकोरपणा वाटतो. वाटू दे.

एकदा मुंबईच्या लोकलचा प्रसंग आला. मी मुंबई पाहिलेली नाही. जन्म पाकिस्तानातला असला की अमेरिकी पासपोर्टवरही भारताचा व्हिसा सहजी मिळत नाही. तरी 'अहो, सरका की जरा पुढे' आणि 'बॅग वर ठेवा ना' हे मी एवढ्या तोऱ्यात म्हटलं की बाकीच्यांना मी दादरचीच वाटले.

पैशांचं विचाराल तर युनियनचा आरोग्य विमा मिळायला वर्षाला ठरावीक कमाई लागते. २०२३ च्या संपात २६,४७० डॉलर हा आकडा सारखा कानावर पडायचा, कारण बहुसंख्य सभासद तिथवर पोचतच नाहीत. मी २०२२ मध्ये पोचले. पुढच्या वर्षी ११८ दिवस संप चालला आणि कमाई पुन्हा त्या रेषेखाली गेली. म्हणून दुकानातली नोकरी अर्धवेळ का होईना, चालू ठेवली आहे. नव्या करारात सेल्फ-टेपसाठी किमान ४८ तास द्यावे लागतात, त्यामुळे आता निदान पाळी बदलून घ्यायला वेळ मिळतो.