पेरा पॅलेस: अगाथाबाईंच्या नावाने चालणारं हॉटेल

इस्तंबूलला पेरा पॅलेस बघायला निघालात तर एक गोष्ट आधीच कानावर घालतो. अगाथा ख्रिस्तीने ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस’ याच हॉटेलच्या ४११ नंबरच्या खोलीत लिहिली, असं तिथे सर्रास सांगतात. त्याला भक्कम पुरावा नाही. उलट कादंबरीतला गुप्तहेर पायरो उतरायला जातो तो टोकाटलियान हॉटेलात! त्याची जुनी इमारत इस्तिकलाल रस्त्यावर अजून उभी आहे, पण तिच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही.

४११ ची दुसरी दंतकथा १९७९ ची. बाई १९२६ च्या डिसेंबरात ११ दिवस बेपत्ता होत्या. त्याचं गुपित सांगणाऱ्या डायरीची किल्ली या खोलीत दडलेली आहे, असं अतींद्रिय शक्तीचा दावा करणाऱ्या एका अमेरिकन बाईने सांगितलं. शोधाशोध झाली, गंजकी किल्ली मिळाली, डायरी आजतागायत नाही. खोली मात्र तेव्हापासून जोरात चालते. ती भाड्याने देतात, त्यामुळे कोणी राहत असेल तर बघायला मिळत नाही. तीच हवी असेल तर बुकिंग करतानाच खोलीचा नंबर लिहून कळवायचा. नुसतं ‘ख्रिस्तीची खोली’ म्हटलं तर गोंधळ होऊ शकतो. फक्त बघायचंच असेल तर आधुनिक तुर्कस्तानचा संस्थापक अतातुर्क याची १०१ नंबरची खोली बघा. ती संग्रहालय म्हणून ठेवली आहे, पण दिवसातला ठरावीक वेळच उघडी असते. आधी रिसेप्शनला विचारून घ्या, नाहीतर हेलपाटा पडेल.

आमच्या मते इथली खरी गोष्ट रेल्वेची. ओरिएंट एक्सप्रेस या युरोपातून येणाऱ्या आलिशान गाडीच्या प्रवाशांना उतरायला शहरात त्यांच्या थाटाला साजेसं हॉटेल हवं होतं, म्हणून १८९२ मध्ये या हॉटेलचं काम सुरू झालं. प्रवाशांना सिर्केजी स्टेशनवरून ज्या पालखीवजा खुर्चीतून आणत, ती लॉबीत ठेवलेली आहे. जिन्याच्या मधोमध जुनी लिफ्ट आहे. काळ्या लोखंडी जाळीचा पिंजरा, आत लाकडी डबा, त्यात बसायला मखमली बाक. जिना तिच्याभोवती वळत वर जातो. पायऱ्यांवर उभं राहून डबा वर सरकताना बघण्यात जी मजा आहे, ती आत बसून येत नाही.

घुमटांखालच्या कुबेली सलोनमध्ये दुपारचा चहा मिळतो. शनिवार-रविवारी आरक्षणाशिवाय जाण्यात अर्थ नाही. शाकाहारी असाल तर आरक्षणाच्या वेळीच सांगा. ताटलीतल्या सँडविचमध्ये मासे किंवा चिकन असू शकतं आणि ऐनवेळी बदलून मिळेलच असं नाही. चहाचा खर्च जड वाटला तर हॉटेलच्याच गुलाबी पॅटिसरीत एक कॉफी आणि केक घ्या, लॉबीही बघून होते. राहणार असाल तर हलिचच्या, म्हणजे गोल्डन हॉर्नच्या, बाजूची खोली मागा. सूर्यास्त तिकडे दिसतो.

पोहोचायचं कसं? विमानतळावरून एम११ मेट्रोने गायरेत्तेपे, तिथे एम२ धरून शिशाने. गायरेत्तेपेला बरंच चालावं लागतं, मोठ्या बॅगा असतील तर जीव मेटाकुटीला येतो. शिशाने स्टेशन खोल आहे आणि बाहेर पडायचे रस्ते अनेक. मेश्रुतियेत रस्त्याची पाटी धरूनच वर या, नाहीतर उताराच्या भलत्याच टोकाला निघाल आणि मग चढ. जुन्या शहरातून येणाऱ्यांनी टी१ ट्रामने काराकोय गाठावं आणि तिथून ट्यूनेल घ्यावी. १८७५ पासून चालणारी ही भुयारी रेल्वे जेमतेम ५७३ मीटरची, पण गलात्याचा अख्खा चढ वाचवते. इस्तंबूलकार्ट, म्हणजे शहरातल्या प्रवासाचं कार्ड, एक असलं तरी दोघांना चालतं, फक्त दोनदा टेकवायचं.

लेखकाच्या नावाने उभं केलेलं काही अस्सल बघायचं असेल तर हॉटेलपासून चालत चुकुरजुमा या भागात जा. तुर्की कादंबरीकार ओरहान पामुकने स्वतः उभारलेलं ‘निरागसतेचं संग्रहालय’ तिथे २०१२ पासून आहे. त्याच नावाच्या त्याच्या कादंबरीच्या ८३ प्रकरणांनुसार पेट्या मांडल्या आहेत आणि नायिकेने ओढलेल्या ४,२१३ सिगरेटींची थोटकं भिंतीवर टाचलेली आहेत. कादंबरीची प्रत सोबत न्या: आत छापलेल्या तिकिटावर शिक्का मारून एकदा फुकट सोडतात. सोमवारी बंद.