उधाणाची मोजणी

रविवार, पौष अमावास्या

आज भरतीला मोजलं. जानेवारीतल्या आशियाई पाणपक्षी गणनेसाठी आमचा ठाण्याचा क्लब नवी मुंबईतल्या नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळ जागांवर जातो. ही गणना १९८७ पासून चालू आहे आणि तिचा बराचसा भार आमच्यासारख्या हौशी माणसांवरच आहे. पूर्वी आम्ही ओहोटी बघून निघायचो. चिखल उघडा पडलेला असतो, पक्षी पसरलेले असतात, फोटो चांगले येतात. आता मुद्दाम उधाणाची, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती निवडतो. क्लबानं आजवर घेतलेल्या निर्णयांमध्ये मला हा सगळ्यात शहाणपणाचा वाटतो.

वेळ काढायला ॲप लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अमावास्या म्हणजे पंधरावी तिथी, म्हणून सव्वाअकरा. खाडीत आत यायला पाणी त्याहून थोडा जास्त वेळ घेतं. करावे गावातल्या कोळी काकांनी हे शिकवलं. ते जाळं आवरता आवरता आमच्याशी बोलतात आणि पाणी कुठवर चढेल ते काठीनं दाखवतात. त्यांनी दाखवलेल्या खुणेच्या आसपासच पाणी थांबतं, हे आजही पाहिलं.

ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची गाडी पकडून नऊच्या आत पोचलो. दहापर्यंत डीपीएस शाळेजवळच्या तलावावर (आम्ही त्याला डीपीएस तलावच म्हणतो) फारसं काही नव्हतं. काठाला थोडे शेकाटे, एक राखी बगळा, मधेच खंड्याची हाक. मग खाडीतला चिखल पाण्याखाली जायला लागला आणि पक्षी यायला सुरुवात झाली. आधी लहान तुतारी आणि चिखले, एकदम वळणारे, एकदम उतरणारे थवे. मग टिलवे, काळ्या शेपटीचे पाणटिवळे. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, सगळ्यात शेवटी आले. लांब पाय असल्यामुळे ते खाडीत अखेरपर्यंत उभे राहू शकतात. डोक्यावरून रांग गेली तेव्हा नव्या मुलांनी मोजायचं सोडून दिलं आणि नुसते बघत राहिले. मी त्यांना काही म्हटलं नाही. पहिल्यांदा बघताना मोजू नयेच.

मोजायची रीत मात्र कडक आहे. आधी दहा पक्षी एक-एक करून मोजायचे, दहांनी किती जागा व्यापली ते डोळ्यात बसवायचं. त्यावरून शंभरांचा तुकडा ठरवायचा आणि तो तुकडा थव्यावर डावीकडून उजवीकडे सरकवत न्यायचा. दोघांनी वेगवेगळं मोजायचं, आकडा एकमेकांना सांगायचा नाही, शेवटी वह्या उघडायच्या. फरक फार पडला तर पुन्हा. घार वरून गेली, थवा उठला, तर पुन्हा पहिल्यापासून. छोटा रोहित आणि मोठा रोहित वेगळे लिहायचे. छोट्याची चोच गडद लाल, लांबून काळीच वाटते. मोठ्याची फिकट गुलाबी, फक्त टोक काळं. मोठा रोहित चिखलातले बारीक कवचधारी जीव, शिंपले वगैरे खातो. छोटा मुख्यतः पाण्यातलं निळं-हिरवं शेवाळ चोचीतल्या गाळणीनं गाळून घेतो. म्हणजे दोघं शेजारी उभे दिसले तरी त्यांना लागणारं पाणी अगदी एकच नसतं, आणि दोघांची बेरीज करून ‘फ्लेमिंगो’ म्हणून एकच आकडा लिहिला की हे सगळं वाहून जातं.

आठवीतल्या एका मुलानं विचारलं, “ताई, एवढी तिवरं आहेत खाडीला, मग हे तिथं का नाही बसत?”

हाच प्रश्न मोठी माणसं विचारत नाहीत. तिवरांचं, म्हणजे खारफुटीचं, रान वाढलं म्हणजे खाडी सुखरूप असं आपण धरून चालतो. तिवरं हवीतच. मासळीची पिल्लं तिथं वाढतात, किनारा धरून राहतो. पण चिखलात चरणाऱ्या या पक्ष्यांना चारी बाजूंनी मोकळं दिसावं लागतं, शिकारी पक्षी लांबूनच कळावा लागतो. त्यातल्या बहुतेकांना झाडीत उतरता येत नाही. शिवाय ठाणे खाडीत गाळ साचत जातो तशी उघड्या चिखलावर तिवरं पसरतात आणि तेवढं चरायचं रान कमी होतं. भरतीला तर उरलेला चिखलही बुडतो. मग ते चार-पाच तास कुठं काढायचे? उथळ पाण्याचा एखादा तलाव, मिठागराची मोकळी जागा, टी. एस. चाणक्य या नौकानयन प्रशिक्षण संस्थेच्या मागची पाणथळ. तीही नसली तर हवेत घिरट्या घालत राहायचं किंवा लांब उडत जायचं. पाणटिवळ्यांसारख्या पक्ष्यांना उन्हाळ्याआधी मध्य आशिया, सैबेरियाच्या वाटेला लागायचं असतं. त्या प्रवासासाठी अंगावर साठवलेली चरबी इथंच रोज थोडी थोडी जळत गेली तर पुढं काय उरणार?

मला सगळ्यांना सांगावंसं वाटतं ते एवढंच आहे. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, १६९० हेक्टरांचं. २०२२ मध्ये ठाणे खाडीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर दर्जा मिळाला, आजूबाजूचा भाग धरून ६५२१ हेक्टर. दोन्ही वेळा आम्ही मनापासून आनंद केला. पण पक्षी दिवसातून दोनदा खाडीबाहेर येतो, आणि तो जिथं येतो त्या बऱ्याच जागा नकाशावर अजून कुणाच्या तरी मोकळ्या भूखंडासारख्या दिसतात. जेवणघर राखलं आणि झोपायची खोली विकली तर त्या घरात कोण राहील?

२०२४ च्या उन्हाळ्यात ते दिसलंच. डीपीएस तलावात खाडीचं पाणी येण्याच्या वाटा बुजल्या, तळं सुकलं, रोहित मेले. ते दिवस आठवले की अजून पोटात तुटतं. नंतर वाटा मोकळ्या झाल्या, आणि २०२५ मध्ये तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करण्याचा निर्णय झाला. त्यामागे या भागातल्या रहिवाशांनी केलेली पत्रं, मानवी साखळ्या, सकाळच्या फेऱ्या होत्या. आज जे पाणी भरलेलं पाहिलं ते त्यांच्यामुळे.

बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीनं (बीएनएचएस) २०२२ मध्ये सहा रोहितांना उपग्रह ट्रान्समीटर बसवले होते. त्यांतल्या एकाचं नावच ‘नवी मुंबई’ ठेवलं होतं, दुसरा ‘हुमायून’. हुमायून गुजरातेत पोचल्याची बातमी आली त्या दिवशी आमच्याकडे घरचं माणूस सुखरूप पोचल्यासारखा आनंद झाला होता.

तलावावरून परतताना संक्रांतीचा विषय निघालाच. पतंगाच्या मांजात अडकलेल्या पक्ष्यांसाठी चार दिवस फोन चालूच होते. तलावपाळीजवळच्या पर्जन्यवृक्षावर रातबगळा पंखाला मांजा अडकून लोंबत होता, अग्निशमनच्या जवानांनी शिडी लावून उतरवला. नायलॉन मांजावर २०१७ पासून देशभर बंदी आहे, तरी तो मिळतो. पुन्हा लिहून ठेवते, कारण दरवर्षी तेच विचारलं जातं: दोरा ओढायचा नाही, दोन्ही बाजूंनी कापायचा. पक्ष्याला पाणी पाजायचं नाही. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवायचं आणि वनविभागाच्या १९२६ वर फोन करायचा. घरी ठेवून घ्यायचा नाही. पोपट असला तरी नाही, कायद्यानं तो गुन्हा आहे. येत्या शनिवारी येऊरच्या रस्त्यालगतच्या झाडांवरचा मांजा काढायला जायचं ठरलंय, लांब बांबू दोन आहेत. (तिथं टकाचोर आणि भृंगराज दिसतीलच, पण दुर्बिणी आणू नका असं मुलांना सांगितलंय. नाहीतर बांबू कोण धरणार.)

दुपारी क्लबाची जाड वही माझ्याकडे आली. तारीख, तिथी, भरतीची वेळ, जात, आकडा, मोजणाऱ्यांच्या सह्या. एखादी जात दिसली नाही तर तिथं शून्य लिहायचं, रकाना कोरा सोडायचा नाही. कोरा रकाना म्हणजे बघितलंच नाही, शून्य म्हणजे बघितलं आणि नव्हता. या वहीत दुर्मीळ पक्षी फार थोडे आहेत. बहुतेक पानं शेकाटे, टिलवे, वंचक यांनीच भरली आहेत, आणि हीच पानं मला सगळ्यात मोलाची वाटतात. एखादी जागा पाणथळ नाहीच असं कागदोपत्री म्हटलं जातं तेव्हा सुंदर फोटो कुणी विचारात घेत नाही. त्याच जागी, त्याच भरतीला, वर्षानुवर्षं कोण उतरत आलं हे सह्यांसकट दाखवता आलं तर बोलणं ऐकलं जातं.

आजचे रोहितांचे आकडे दोन्ही वह्यांत जवळजवळ जुळले. पाणटिवळे मात्र अपेक्षेपेक्षा कमी वाटले. कमी आलेत, की भांडुपच्या मिठागरांकडे गेलेत? एका ठिकाणी उभं राहून ते कळणार नाही. माघी पौर्णिमाही रविवारीच आहे, म्हणजे वेळ पुन्हा सव्वाअकराचीच. त्या दिवशी दोन गट करून दोन्ही किनाऱ्यांवर एकाच वेळी मोजायचं ठरवलं. त्यासाठी आणखी एक स्कोप, म्हणजे तिपाईवरची मोठी दुर्बीण, हवा. नौपाड्याच्या काकू त्यांच्या भाच्याकडे मागून बघते म्हणाल्या आहेत. मी भांडुपच्या गटात जाणार.